वाडा ठेवायचा की उतरवायचा?

जुन्या वाड्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी सात पत्रे या अंकात घेतली आहेत. ज्या पत्रांत मुद्दा एकच होता ती एकत्र केली आहेत.

कसबा पेठेत आमचा दोन चौकी, दुमजली वाडा आहे. आम्ही चार चुलत भाऊ मालक. एका बांधकाम व्यावसायिकाने प्रस्ताव दिला आहे. त्याच्यासोबत आलेल्या इंजिनिअरने "वाडा धोकादायक, दुरुस्ती परवडणार नाही" असा तीन पानी अहवाल दिला. धाकट्याला वाडा ठेवायचा आहे, बाकीच्यांना नाही. ठरवायचे कशावरून?
— एक वाचक, पुणे

आधी तो अहवाल पुन्हा वाचा. त्यात रिबाउंड हॅमर, काँक्रीटची ताकद, सळईचा गंज असे शब्द असतील, तर तो तुमच्या वाड्याचा अहवाल नाही. त्या चाचण्या सिमेंट काँक्रीटसाठी आहेत. लाकूड, माती, वीट आणि चुना यांच्या बांधकामाबद्दल त्या काहीही सांगत नाहीत. कुठल्यातरी सोसायटीच्या अहवालात पत्ता बदलून दिलेले असे कागद सर्रास फिरतात.

वाड्याचा बराचसा भार लाकडी सांगाडा पेलतो. जोत्यावर तळखडा म्हणजे खांबाखालचा दगड, तळखड्यावर खांब, खांबावर आडवी तुळई, तुळईवर बारीक कड्या आणि कड्यांवर फळ्यांचे पाट अशी ती रचना असते. आतल्या पुष्कळ भिंती या सांगाड्यात नुसत्या भरलेल्या असतात. म्हणून माजघराच्या भिंतीला हातभर तडा दिसला तरी घाबरण्याचे कारण नसते. उलट रंगवलेल्या, गुळगुळीत कोपऱ्यात तुळईचे टोक कुजून भुसा झालेले असते. तपासणीचा क्रम पाणी, लाकूड, भिंत असा ठेवा. पाणी कुठून येते ते कळले की लाकूड कुठे तपासायचे ते आपोआप कळते.

भर पावसात बॅटरी घेऊन छपराखाली जा. आढ्याजवळ, दोन पाखी मिळतात त्या पन्हळीखाली आणि शेजारच्या इमारतीचे पाणी आपल्या भिंतीवर पडते तिथे ओल शोधा. पण बहुतेक वाड्यांचा खरा शत्रू पाऊस नसून वरच्या मजल्यावरची मोरी असते. भाडेकरूंच्या सोयीसाठी कडीपाटावर शहाबादी फरशी टाकून मोऱ्या आणि संडास काढले गेले. फरशीच्या सांध्यांतून वर्षानुवर्षे झिरपणारे पाणी खालच्या कड्यांना बारा महिने ओले ठेवते. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ते सहसा कुजत नाही. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र बाजारात मिळते, तेवढा खर्च करा.

मग लाकूड. वाड्याचा साधा नकाशा काढून प्रत्येक खांबाला आणि तुळईला क्रमांक द्या. प्रत्येक खांब तळाशी आणि प्रत्येक तुळई भिंतीत शिरते तिथे जाड पेचकसाने टोचा आणि लाकडी हातोडीने वाजवून पाहा. निरोगी सागात पेचकस दोन-तीन मिलिमीटरवर अडतो आणि आवाज खणखणीत येतो. पेचकस सहज अर्धा-पाऊण इंच आत गेला किंवा आवाज बद्द आला, तर त्या क्रमांकापुढे फुली मारा. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर त्या फोडून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा पाहा. नळी पुन्हा बांधलेली दिसली तर वाळवी जिवंत आहे. शंकास्पद जागी तज्ज्ञाकडून बारीक सुईने छिद्र घेणारी रेझिस्टोग्राफ चाचणी करून घेता येते.

चाळीस खांबांपैकी सहा-आठ तळाशी कुजले असतील तर ते नेहमीचे दुरुस्तीचे काम आहे. दोन्ही बाजूंना टेकू देऊन भार उचलायचा, कुजका भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापायचा आणि वाळलेल्या जुन्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने बोल्ट मारून जोडायचा. सांध्याची लांबी खांबाच्या जाडीच्या साधारण तिप्पट ठेवतात, म्हणजे आठ इंची खांबाला दोन फूट. जॅक घाईने चढवला तर वरचा गिलावा आणि कौले दोन्ही फुटतात. दिवसाला दोन-चार मिलिमीटर पुरे. एक तृतीयांशाहून अधिक खांब-तुळयांपुढे फुली आली, तर मात्र ती दुरुस्ती राहत नाही, जुन्या आराखड्यावर नवे बांधकाम होते. ही सीमा आमच्या अंदाजाची आहे, कायद्याची नाही.

तुळई वाकलेली दिसते म्हणून ती निकामी ठरत नाही. नव्या लाकडी कामात लांबीच्या दोनशे चाळिसाव्या भागाइतका, म्हणजे दहा फुटी तुळईला साडेबारा मिलिमीटर झोल चालतो. शंभर-दीडशे वर्षांची तुळई याच्या दुप्पट झुकूनही स्थिर असू शकते. झोल वाढतो आहे का, एवढाच प्रश्न विचारायचा. दोरी ताणून मधले अंतर तारखेसह लिहून ठेवा.

बाहेरच्या भिंतींना ओळंबा लावा. दोन फूट जाडीची भिंत चार इंचांपेक्षा जास्त कलली असेल, म्हणजे जाडीच्या एक षष्ठांशापलीकडे गेली असेल, तर तिला तातडीने आधार हवा. मधेच पोट सुटलेली भिंत कललेल्या भिंतीहून वाईट. आतली आणि बाहेरची बाजू सुटी झालेली असते, हाताने वाजवली की पोकळ वाटते. तड्यांवर रंग खरवडून काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने दोन्ही बाजूंना चिकटवा आणि तारीख घाला. जून ते ऑक्टोबर पट्टी अखंड राहिली तर तडा जुना आहे. फुटली तर भिंत अजून हलते आहे आणि तिच्या पायाशी कुठली तरी ड्रेनेजची नळी गळते आहे का ते आधी पाहावे लागेल.

नदी जवळ आहे म्हणून आणखी एक गोष्ट. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतले वाडे पाण्याच्या धक्क्याने पडले तसेच भिंतींची माती विरघळूनही पडले. तुमची जागा पूररेषेच्या आत आहे का, ते नकाशावर तपासा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषांच्या आत नव्या बांधकामावर निर्बंध येतात. तिथे पाडून नवे किती बांधता येईल, हे लेखी कळल्याशिवाय प्रस्तावाला काहीच किंमत नाही.

राहिला पैसा. "परवडणार नाही" हे कशाच्या तुलनेत, ते विचारा. दुरुस्तीचा अंदाज फुली मारलेल्या क्रमांकांवरून काढा, एकूण चौरस फुटांवर दर लावून नव्हे. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का, असल्यास कोणत्या श्रेणीत, ते वारसा विभागात विचारा. यादीतल्या वास्तूला विकास हक्क हस्तांतरण (टीडीआर), म्हणजे इथे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकण्याची सोय, मिळू शकते आणि चौघांतल्या तिघांना पैसे देण्याचा तो एक मार्ग असतो. धाकट्याने इतरांचे हिस्से विकत घेणे किंवा पुढचा चौक ठेवून मागच्या पडीक भागात बांधणे, हेही पर्याय कागदावर मांडा. चौघांपैकी कोणीच तिथे राहणार नसेल आणि कौले फिरवायलाही कोणी जाणार नसेल, तर उत्तम लाकडाचा वाडाही वीस वर्षांत जातो. हा मुद्दा धाकट्याने मनाशी प्रामाणिकपणे ठरवावा.

आमचा वाडा शंभर वर्षांहून जुना आहे, त्यामुळे तो पाडताच येत नाही असे काही जण सांगतात. खरे आहे का?
— शनिवारवाड्याजवळून एक वाचक

नाही. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात शंभर वर्षांची अट आहे, पण ती एखादी वास्तू राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून जाहीर करण्यासाठी. नुसत्या वयामुळे घराला संरक्षण मिळत नाही.

तुमच्या बाबतीत वर्षांपेक्षा मीटर महत्त्वाचे. शनिवारवाडा केंद्र-संरक्षित स्मारक आहे. त्याच कायद्याच्या २०१० च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम करता येत नाही. आधीपासून असलेल्या घराची दुरुस्ती आणि नूतनीकरण मात्र सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत परवानगी घेऊन करता येते. म्हणजे तिथला वाडा एकदा जमीनदोस्त केला की त्या जागेचा उपयोगच संपण्याची शक्यता असते. नियंत्रित क्षेत्रात परवानगीने पुनर्बांधणीही होते. अंतर स्मारकाच्या तटापासून मोजत नाहीत, संरक्षित हद्दीपासून मोजतात. दहा-बारा मीटरचा फरक तुमचे सगळे गणित फिरवू शकतो. तेव्हा नकाशासह अर्ज करून अंतर लेखी घ्या आणि मगच कोणाशीही बोलणी करा.

महापालिकेने वाड्याला धोकादायक म्हणून नोटीस चिकटवली आहे. आम्ही साठ वर्षांचे भाडेकरू. मालक म्हणतात, रिकामे करा, नंतर बघू. आमचा हक्क राहतो का?
— जुने नाशिक

नोटीस कोणत्या वर्गाची आहे ते पाहा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२ अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती किंवा काही भाग उतरवणे. सी-२ ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. मालक तोंडी जे सांगतात ते आणि कागदावरचा वर्ग यांत अनेकदा अंतर असते. वर्ग मान्य नसेल तर पालिकेच्या यादीवरील दुसऱ्या संरचना अभियंत्याकडून, शक्यतो लाकडी बांधकाम जाणणाऱ्याकडून, अहवाल घ्या आणि मुदतीत लेखी हरकत द्या. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे तीस वर्षांवरील इमारतीची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. मागचे अहवाल झाले होते का, तेही विचारा.

वर्ग खरोखर सी-१ असेल तर हक्कासाठी आत बसून राहू नका. श्रावणात रात्री कोसळणाऱ्या भिंतीला भाडेपावती दाखवता येत नाही. बाहेर पडण्यापूर्वी पालिकेकडून भोगवटादारांची यादी आणि प्रत्येकाच्या ताब्यातील क्षेत्राची मोजणी करून घ्या. खोलीची लांबी-रुंदी, पोटमाळा, गॅलरी सगळे त्यात आले पाहिजे. भाडेपावत्या, वीजबिल आणि शिधापत्रिका यांच्या प्रती बाहेर ठेवा. केवळ इमारत नष्ट झाली म्हणून भाडेकरार संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. पण क्षेत्र सिद्ध करायला इमारत उरलेली नसते, म्हणून हा मोजणीचा आग्रह.

दुरुस्तीयोग्य वर्ग असेल आणि मालक हात लावत नसतील, तर भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम १४ खाली किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन दुरुस्ती स्वतः करता येते आणि खर्च भाड्यातून वळता करता येतो. पण एका वर्षात वर्षभराच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. जुन्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यात काय येते, ते तुम्हाला ठाऊक आहेच. पाच-सहा बिऱ्हाडांनी मिळून मालकाशी दुरुस्तीचा लेखी करार केला तर त्याचा अधिक उपयोग होईल.

बार्शीजवळ आमचे माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे, घर आहे. दर वर्षी गळते, दर वर्षी वर पांढरी माती टाकतो. किल्लारीच्या भूकंपानंतर सगळे म्हणतात, माळवद पाडून स्लॅब टाका. तुमचे मत?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

दर वर्षी माती टाकणे आधी थांबवा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीवर एक फूट माती म्हणजे अंदाजे पावणेपाच टन. तीच भिजली की साडेपाच टनांच्या पुढे. प्रत्येक नव्या इंचाने त्याच खोलीवर सुमारे चारशे किलो वाढतात. आजोबांनी नऊ इंचांवर बांधलेले माळवद नातवापर्यंत दीड-दोन फुटांवर येते आणि खालच्या कड्या तेवढ्याच राहतात.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी परिसरात माणसे मेली ती मुख्यतः जाड दगडी भिंती आणि डोक्यावरची माती कोसळून. अनेक ठिकाणी आतला लाकडी सांगाडा उभा राहिला आणि भिंती मात्र फुटून बाहेर पडल्या. दोन बाजूंना घडीव दगड, मधे चिखल आणि गोटे, आणि दोन्ही बाजूंना जोडणारा आरपार दगड नाही. दोष तिथे होता. तेव्हा त्याच भिंतींवर स्लॅब टाकल्याने घर सुरक्षित होत नाही. डोक्यावर काही टन वजन राहतेच आणि खालची भिंत तशीच दुबळी.

घर ठेवायचे असेल तर उन्हाळ्यात माती सहा ते आठ इंचांपर्यंत उतरवा. मधून सुरुवात करून दोन्ही बाजूंना सारख्या प्रमाणात काढत जा. एका खणाची सगळी माती काढून शेजारचा खण भरलेला ठेवला तर तुळई एका बाजूला ओढली जाते. कड्या आणि त्यांवरच्या चिपा उघड्या पडल्या की कुजलेल्या बदला. वर जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर चाळलेली पांढरी, आणि पन्हळीकडे दर दहा फुटांना किमान दोन-तीन इंच उतार द्या. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात दोन्ही दिशांना तिरके लाकडी किंवा लोखंडी आधार बसवा. सांगाडा डोलू नये यासाठी हे सर्वात स्वस्त काम. भिंतीत दर एक मीटरला, आडवे आणि उभे, तीन इंची आरपार भोक अलगद पाडायचे, त्यात दोन्ही टोकांना आकडा असलेली सळई घालून काँक्रीट भरायचे. पहारीने ठोकून भोके पाडली तर भिंत तिथेच सुटते. दगड एकेक सैल करून हाताने काढावे लागतात.

भिंतीला जागोजाग पोट आले असेल किंवा कोपरे वरपासून खालपर्यंत उघडले असतील, तर आम्हीही पाडा म्हणू.

आमच्या चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) जुन्या घराचा चुन्याचा गिलावा पडतो आहे. गवंडी म्हणतो सिमेंटचा करू, पन्नास वर्षे बघायला नको. करावा का?
— डिचोली, गोवा

नको. चिरा पाणी पितो आणि सोडतो. चुन्याचा गिलावा ते बाहेर जाऊ देतो, सिमेंटचा अडवतो. अडकलेली ओल मग भिंतीत वर चढते, क्षार घेऊन आतल्या बाजूने फुटते आणि लाकडी चौकटींचे पाय कुजवते. चार-पाच पावसाळ्यांत सिमेंट पापुद्र्यासारखे सुटते आणि सुटताना चिऱ्याचा थरही घेऊन येते. तेव्हा लोक म्हणतात, घरच जुने झाले, पाडा. पुष्कळ घरे अशा दुरुस्तीनेच मरणाला टेकली आहेत.

कळीचा चुना पाण्यात विझवून निदान पंधरा दिवस, जमल्यास दोन-तीन महिने पाण्याखाली ठेवा. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली नदीची वाळू. ओल जास्त असेल तिथे वाळूपैकी एक भाग काढून विटांची सुरखी म्हणजे भुकटी घाला. समुद्राची वाळू कितीही धुतली तरी नको. भिंत आदल्या दिवशी भिजवायची, एक थर दहा-बारा मिलिमीटरचा, दुसरा थर पहिला आवळल्यावर. आठ-दहा दिवस गोणपाट लावून दमट ठेवा. गवंडी कडक उन्हात काम करतो आणि दुसऱ्या दिवशी पाणी मारायला विसरतो, म्हणून चुना भुसभुशीत होतो आणि बोल चुन्याला लागतो. गूळ आणि हिरड्याचे पाणी घालण्याची रीत चांगली आहे, पण चुना नीट विझलेला नसेल तर गुळाने काही भागत नाही.

आमच्या घरात एक मोठे समाजसुधारक राहून गेले असे वडील सांगत. पण आज मूळचे काही फारसे उरलेले नाही. असा वाडा वाचवायला हवा का? आणि तो किती जुना हे कसे कळेल? शिवाय उतरवायचाच ठरला तर काय काय जपावे?
— वाई आणि सातारा येथील दोन पत्रे

ऐकीव गोष्ट आधी कागदावर आणा. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक आणि जुना नकाशा, घरातली खरेदीखते, वाटणीपत्रे आणि मोडी लिपीतल्या कागदांचे रुमाल म्हणजे गठ्ठे काढा. मोडी वाचणारे पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात भेटतील, पेशवे दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. घरावरून वय ठरवताना कौलांवर जाऊ नका. मंगळुरी कौले १८६५ नंतरची, पण ती जुन्या छपरावर मागाहून चढलेली असतात. सुरूच्या आकाराचे खांब आणि महिरपी पेशवाईच्या वळणाच्या खऱ्या, पण ते वळण पुढेही चालू राहिले. लोखंडी गर्डरवर विलायती कारखान्याचे नाव उठवलेले असेल तर तो भाग इंग्रजी अमदानीतला. जोते सर्वात जुने असण्याची शक्यता जास्त. एकाच वाड्यात तीन पिढ्यांचे बांधकाम असणे हेच नेहमीचे.

घटना महत्त्वाची आणि वास्तू उरलेली नाही, असे प्रसंग असतात. पुण्याच्या भिडे वाड्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. वर्षानुवर्षे खटले चालले, वाडा ढासळत गेला, आणि न्यायालयीन वाद संपल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी तो पाडण्यात आला. तिथे जागेचे मोल अबाधित आहे. पण त्या शाळेची खोली केवढी होती, उजेड कुठून येत होता, हे आता प्रत्यक्ष पाहता येणार नाही. तुमच्याकडे निदान जिना, एखादी खोली किंवा ओसरी मूळची असेल तर तेवढा भाग ठेवणे हा तडजोडीचा आणि आमच्या मते रास्त मार्ग.

उतरवायचा असेल तर बुलडोझर आणू नका. आधी १:५० प्रमाणात मजल्यांचे नकाशे आणि छेद, दारे-महिरपींचे १:१० तपशील, आणि मोजपट्टी शेजारी धरून छायाचित्रे. मग वरून खाली, कौले, वासे, तुळया, खांब या क्रमाने सुतारांकडून उतरवा. लाकडाचे घनफूट स्वतः मोजा. दहा इंच चौरस, नऊ फुटी एक खांब सव्वासहा घनफूट भरतो, असे तीस खांब म्हणजे १८७ घनफुटांहून अधिक जुना साग. तुळया आणि कड्या वेगळ्या. पाडकामाचा ठेकेदार "राडारोडा उचलून देतो, पैसे नको" म्हणतो तेव्हा त्याची नजर या आकड्यावर असते. प्रत्येक नगावर नकाशातला क्रमांक पत्र्याच्या चकतीवर ठोका, कारण खडूचा क्रमांक पहिल्या सरीत जातो. माल जमिनीपासून फूटभर उंच, थरांमध्ये पट्ट्या घालून, छपराखाली रचा. कोरीव हस्त (तुळईखालचे लाकडी आधार) आणि दारांच्या चौकटी सुट्या न करता अखंड ठेवा. एकदा खुंट्या काढल्या की त्या पुन्हा तशा बसत नाहीत.